रस्ता बंद आहे

घाटाच्या तोंडाशी दोन रिकामी पिंपे, त्यांवर आडवा टाकलेला बांबू आणि त्या बांबूला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी: ‘रस्ता बंद आहे’. हे दृश्य पाहिले नाही असा प्रवासी आपल्या देशात विरळा. पाटीपाशी मोटार थांबते. चालक खाली उतरतो, पलीकडे डोकावतो आणि मनाशी हिशेब करू लागतो. वळसा घेऊन जायचे तर दोन तास जादा लागणार. पाटी कधी लावली कोण जाणे. पुढचा रस्ता तर डोळ्यांना धडधाकट दिसतो. आसपास पोलीस नाही, चौकीदार नाही. बांबू उचलायला एका हाताचे बळ पुरेसे आहे.

त्या क्षणी चालकाला अडवून धरणारी शक्ती कोणती? बांबू नव्हे, हे उघड आहे. पाटीमागे उभा असलेला कायदा ही ती शक्ती, असे आपण म्हणतो. पण हा कायदा आला कोठून, तो न मानणाऱ्यास त्याने कोणता दंड सांगितला, आणि दंड सांगण्याआधी रस्ता बंद करणाऱ्यावर त्याने कोणती बंधने घातली, हा इतिहास फारसा कोणी उलगडून पाहत नाही. तो पाहू गेल्यास मोटारींच्या कितीतरी आधी जावे लागते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा काळ विद्वानांत वादाचा आहे. इसवी सनापूर्वीची शतके आणि इसवी सनाच्या आरंभीची शतके यांच्या दरम्यान तो वेगवेगळ्या ठिकाणी मांडला जातो. शामशास्त्रींनी म्हैसूर येथे १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रथम प्रकाशात आणला, आणि मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात नागरक, म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी, याची कामे सांगितली आहेत. रात्र पडल्यावर सहा नालिका लोटल्या की तूर्य वाजावे, आणि पहाटेपूर्वी सहा नालिका उरल्या की ते पुन्हा वाजावे, अशी तेथे व्यवस्था आहे. एक नालिका म्हणजे चोवीस मिनिटे. या दोन तूर्यनादांच्या दरम्यान नगराचे रस्ते बंद. बंदीच्या पहिल्या वा शेवटच्या प्रहरात राजवाड्याच्या आसपास फिरणाऱ्यास सव्वा पण दंड, मधल्या प्रहरांत त्याच्या दुप्पट.

दंडाचा हा आकडा लहान आहे. त्याहून मोलाची आहे ती पुढे दिलेली अपवादांची यादी. बाळंतिणीच्या सुटकेसाठी जाणारी सुईण, रोग्याकडे जाणारा वैद्य, प्रेत स्मशानात नेणारे लोक, हाती दिवा घेऊन चालणारा माणूस, नागरकाला भेटायला निघालेला, आग विझवायला धावणारा आणि मुद्रा, म्हणजे परवाना, जवळ असलेला, यांना अडवू नये असे ग्रंथकार बजावतो. एवढ्यावर तो थांबत नाही. ज्यास अडवू नये त्यास अडवणारा पहारेकरी आणि ज्यास अडवावे त्यास सोडणारा पहारेकरी, दोघांनाही अवेळी फिरणाऱ्याच्या दुप्पट दंड करावा असे तो सांगतो. रस्ता बंद असता जाणाऱ्याचा अपराध एकपट आणि बंदी चुकीने राबवणाऱ्याचा अपराध दुप्पट, हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या साऱ्या इतिहासाला ते मापदंड म्हणून लावून पाहता येते.

याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात याची दुसरी बाजू येते. अधिकार नसताना वाट अडवणे हाच अपराध होय. माणसांची किंवा लहान जनावरांची वाट अडवली तर बारा पण, मोठ्या जनावरांची अडवली तर चोवीस, हत्तींची किंवा शेताची अडवली तर चोपन्न. वाट जितकी मोठी तितका दंड चढत जातो, आणि मोठ्या नगराकडे वा राष्ट्रात जाणाऱ्या मार्गासाठी तो हजार पणांवर पोचतो. म्हणजे रस्ता स्वभावतः मोकळा, तो बंद करणे हा अपवाद, आणि तो अपवाद करण्याचा अधिकार राजसत्तेचा. कोणीही उठावे आणि चार धोंडे आडवे टाकावेत, हे त्या काळीही चालत नव्हते.

मराठेशाहीत या विचाराची खूण दोन ठिकाणी सापडते. एक खूण दंतकथेत आहे, दुसरी प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या नोंदीत. दंतकथा हिरकणीची. रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद होत आणि ते कोणासाठीही उघडायचे नाहीत असा हुकूम. दूध घालायला गडावर आलेली गवळण आत अडकली, आणि घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शासन न करता तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधवला, असे लोक सांगतात. इतिहास म्हणून ही कथा सिद्ध करता येत नाही. तरी शासकाने बंदी मोडली गेल्याचे पाहून काय करावे, याविषयीची लोकांची समजूत तिच्यात साठलेली आहे. मोडणाऱ्याचा हेतू पाहावा आणि बंदोबस्तात राहिलेले भगदाड बुजवावे, अशी ती समजूत. कौटिल्याच्या यादीतील सुईण आणि रायगडावरची ही आई एकाच न्यायाने सुटतात.

दुसरी खूण पेशवाईतील पुण्याची आहे. पेशव्यांच्या चाकरीत असलेला विल्यम हेन्री टोन हा आयरिश लष्करी अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या रीतिभातींविषयी लिहून गेला. पुण्यात रात्री दहाच्या सुमारास तोफ होई. तोफेनंतर रस्त्यावर दिसेल त्यास गस्तवाले धरून ठेवीत आणि सकाळी कोतवाल त्याची सुटका करी, असे तो सांगतो. ही शिस्त इतकी कडक होती की अवेळी बाहेर पडल्याबद्दल खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकून राहावे लागले, असेही त्याने लिहिले आहे. ही हकिकत अक्षरशः खरी असो वा शहरात कर्णोपकर्णी झालेली असो, ती लोक सांगत होते याला महत्त्व आहे. बंद रस्त्यापुढे मोठा आणि लहान सारखे, ही गोष्ट पुणेकरांना सांगण्याजोगी वाटत होती.

इंग्रजी अंमल आला, आणि तूर्य व तोफ यांची जागा छापील कलमांनी घेतली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिचे १८८ वे कलम लोकसेवकाने रीतसर जाहीर केलेल्या हुकमाच्या अवज्ञेविषयी होते. दंडसंहितेची एक पद्धत अशी होती की, कलम समजावे म्हणून शेवटी एखादे उदाहरण द्यावे. या कलमाखाली दिलेले उदाहरण रस्त्याचेच होते. अमुक एका रस्त्याने धार्मिक मिरवणूक जाऊ नये असा हुकूम अधिकाऱ्याने जाहीर केला. एकाने तो जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळे दंग्याचे भय निर्माण झाले. त्याने हा अपराध केला. जवळजवळ दीडशे वर्षांहून अधिक काळ भारतातील प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने हुकमाची अवज्ञा म्हणजे काय हे बंद रस्त्याच्या उदाहरणावरून शिकले आहे.

या कलमाची घडण बारकाईने पाहण्याजोगी होती. हुकूम देणाऱ्यास तसा कायदेशीर अधिकार असला पाहिजे. हुकूम जाहीर झालेला असला पाहिजे. मोडणाऱ्यास तो ठाऊक असला पाहिजे. आणि मोडल्यामुळे कोणास अडथळा, उपद्रव वा इजा झाली पाहिजे किंवा तसा संभव तरी असला पाहिजे. इजा करण्याचा हेतू असण्याची मात्र गरज नव्हती. ‘मला कोणाचे वाईट करायचे नव्हते’ हे उत्तर कायद्याने अगोदरच नाकारले होते. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जीविताला धोका पोचत असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये. १८६० साली दोनशे रुपये ही सामान्य माणसाच्या कित्येक महिन्यांची कमाई होती. तोच आकडा एकविसाव्या शतकात तसाच राहिला आणि त्याचा धाक विरून गेला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २२३ व्या कलमात ही शिक्षा सहा महिने किंवा अडीच हजार रुपये, आणि जीविताच्या धोक्यासाठी एक वर्ष किंवा पाच हजार रुपये अशी वाढवली आहे.

नगरांच्या कायद्यांनी यात आणखी एक व्यावहारिक भर घातली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने रस्त्याचे काम चालू असता अडसर, साखळ्या वा खांब उभारून वाहनांना मज्जाव करण्याचे आणि रात्री तेथे दिवा ठेवण्याचे किंवा राखण करण्याचे कर्तव्य पालिकेवर टाकले. परवानगीवाचून तो अडसर हलवणे वा तो दिवा विझवणे निषिद्ध ठरवले. कर्तव्य आणि निषेध हे दोन्ही एकाच दमात सांगितलेले आहेत. पालिकेने दिवा लावावा, नागरिकाने तो विझवू नये. पहिले झाले नाही तर दुसरे सांगण्यात अर्थ उरत नाही.

पण बंद रस्ता न मानण्याची खरी किंमत देशाला दाखवली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली, आणि पिढ्यान्पिढ्या बैलगाड्या ज्या वाटांनी जात होत्या त्यांना लोखंडी रूळ आडवे आले. रूळ आणि वाट जेथे एकमेकांना छेदतात तेथे फाटक उभे राहिले. दिवसातून अनेकदा बंद होणारा आणि उघडणारा रस्ता ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला नवीन होती. तूर्याचा दंड चुकवणाऱ्यास सव्वा पणाचे भय होते. फाटक चुकवणाऱ्यासमोर कित्येक टनांचे धावते लोखंड होते.

१८९० च्या रेल्वे कायद्याने गाडी येत असल्याचे ठाऊक असता फाटक उघडणाऱ्यास, किंवा स्वतः ओलांडू पाहणाऱ्यास वा जनावर, वाहन पलीकडे नेणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड सांगितला. गेटमन नसता आपण पार झाल्यावर फाटक पुन्हा न लावणाऱ्यासही तोच दंड होता. हा कायदा बैलगाडीच्या काळात लिहिला गेला होता. फाटक मोडले तर बैलगाडीचे व गाडीवानाचे काय होईल ते होईल, आगगाडीला फारसे काही होत नाही, असा त्यामागचा अंदाज असावा. मालमोटारी आणि बसगाड्या आल्या तसा हा अंदाज खोटा ठरला. भरलेल्या मालमोटारीवर आदळलेली आगगाडी रुळावरून घसरू शकते, आणि आत शेकडो प्रवासी असतात.

म्हणून १९८९ च्या रेल्वे कायद्याने रुपयांची भाषा सोडून वर्षांची भाषा धरली. १६० व्या कलमानुसार वाहतुकीला बंद असलेले फाटक, साखळी वा अडसर जो उघडील त्यास तीन वर्षांपर्यंत कैद. जो मोडील त्यास पाच वर्षांपर्यंत. जेथे फाटकच नाही अशा ठिकाणी निष्काळजीपणे रूळ ओलांडणाऱ्या चालकास १६१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद. आणि निष्काळजीपणा म्हणजे काय हेही कायद्याने सांगून टाकले. थांबून गाडी येते आहे की काय हे न पाहता जाणे, हाच निष्काळजीपणा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम तर त्याहून पुढे जाते. वाहन थांबवून वाहकाने किंवा क्लीनरने पायी रुळापाशी जावे, दोन्ही बाजूंना पाहावे आणि मग वाहन पार न्यावे. असा सोबती नसेल तर चालकाने स्वतः खाली उतरून पाहावे, असे ते सांगते.

एवढे असूनही २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात गेटमन नसलेल्या फाटकावर शाळेच्या गाडीला आगगाडीने धडक दिली आणि तेरा मुले दगावली. चालकाला किती वर्षांची कैद होऊ शकते हे कलम पुस्तकात होतेच; त्या तेरा घरांना त्याचा काय उपयोग होता? त्याच वर्षी रेल्वेने राखण नसलेली फाटके काढून टाकण्याचे काम झपाट्याने हाती घेतले आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवर असे एकही फाटक उरले नाही. कोठे गेटमन नेमला, कोठे भुयारी मार्ग केला, कोठे रस्ताच दुसरीकडे वळवला. पुष्कळ फाटके सिग्नलशी अशी जोडली आहेत की फाटक पूर्ण लागल्याशिवाय गाडीला मार्ग मिळत नाही. शंभराहून अधिक वर्षे दंडाने जे साधले नाही ते राखण आणि यंत्र यांनी पुष्कळ अंशी साधले.

मोटारीने या प्रश्नाला नवे रूप दिले. बैलगाडीवाला पाटीपाशी पोचेपर्यंत त्याला विचार करायला वेळ असतो. वेगात येणाऱ्या चालकाला काही क्षणांत पाटी दिसली पाहिजे, कळली पाहिजे आणि पटली पाहिजे. शिवाय तो परप्रांतातला असेल तर पाटीवरील अक्षरे त्याला वाचता येतीलच असे नाही. यावर चिन्हांची भाषा हा उपाय निघाला. १९०९ मध्ये पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात धोक्याची चार चिन्हे मान्य झाली: खाचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. पुढे १९३१ मध्ये जिनीव्हा आणि १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे या चिन्हांचा विस्तार झाला. त्रिकोण म्हणजे सावधान आणि लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई, हा संकेत जगभर बराचसा रुजला.

आपल्याकडे मोटारींचा पहिला सर्वभारतीय कायदा १९१४ चा. रस्त्यांची दैना आणि वाढती वाहने पाहून १९२७ मध्ये मध्यवर्ती सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. या समितीच्या शिफारशींतूनच पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली, आणि रस्त्यांवरील फलकांचे आकार, रंग व जागा यांची मानके ठरवण्याचे काम पुढे तिच्याकडे आले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनांवर बंदी घालण्याचा अधिकार, फलक लावण्याचा अधिकार आणि फलक पाळण्याचे कर्तव्य या तीन गोष्टी वेगवेगळ्या कलमांत मांडल्या. १९८८ च्या कायद्याने तीच घडी ११५, ११६ आणि ११९ या कलमांत कायम ठेवली.

या तीन कलमांकडे एकत्र पाहिले की बंद रस्त्याचे सारे शास्त्र हाती येते. ११५ वे कलम म्हणते, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी, किंवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्थितीमुळे आवश्यक असेल तर शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी वाहनांवर बंदी घालू शकतो. पण ही बंदी राजपत्रात प्रसिद्ध केली पाहिजे आणि जागेवर योग्य फलक लावले पाहिजेत. बंदी एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर राजपत्राची गरज नाही; मात्र परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. दरड कोसळली असता राजपत्र छापून येण्याची वाट पाहता येत नाही, हे कायद्याने ओळखले आहे. ११९ वे कलम चालकाला मनाईचे फलक पाळायला सांगते आणि असा फलक कसा असतो तेही सांगते: कायद्याच्या अनुसूचीतला, किंवा त्याच धर्तीचा, लाल जमीन किंवा लाल कड असलेल्या गोल तबकडीचा. ११६ वे कलम फलक जाणूनबुजून काढण्यास, बदलण्यास वा विद्रूप करण्यास मनाई करते, आणि अपघाताने फलक मोडला तर चोवीस तासांत कळवण्यास सांगते.

आता दंडाकडे वळू. नुसता फलक न पाळण्याचा दंड १७७ व्या कलमाखाली १९८८ मध्ये शंभर रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास तीनशे रुपयांपर्यंत होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो पाचशे आणि दीड हजार झाला. वाहन चालवण्याची रीत धोकादायक असेल तर १८४ वे कलम लागते, आणि तेथे सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड आहे. पण रीतसर जाहीर केलेली ११५ व्या कलमाची बंदी मोडली तर दंड एकदम दुसऱ्याच पायरीवर जातो. १९४ व्या कलमाखाली १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो किमान दोन हजार रुपये होता. २०१९ मध्ये वीस हजार रुपये झाला.

पाचशे कोठे आणि वीस हजार कोठे! या अंतराचे कारण कलमातच आहे. १९४ वे कलम मुळात मालमोटारीत मर्यादेपेक्षा जादा माल भरणाऱ्यांसाठी आहे आणि त्याच वाक्यात बंद रस्त्याने जाणाऱ्यांना बसवले आहे. कायद्याच्या दृष्टीने जादा ओझे लादणारा आणि बंद पुलावर वाहन घालणारा हे सख्खे भाऊ आहेत, कारण दोघेही रस्त्याची ताकद पाहत नाहीत. आज दिल्लीत मनाईच्या वेळी शिरणाऱ्या मालमोटारीला, किंवा हवा बिघडल्यामुळे ज्यांवर बंदी आली आहे अशा जुन्या मोटारींना हेच वीस हजारांचे कलम दाखवले जाते. मूळची कल्पना पुलाच्या कमानींची होती. ती माणसांच्या फुप्फुसांपर्यंत पोचली. २०१९ चे हे वाढीव दंड सर्वत्र एकदम लागू झाले नाहीत. गुजरातने तडजोडीच्या रकमा कमी केल्या आणि महाराष्ट्राने काही काळ नवे दर थांबवून धरले. दंडाचा आकडा संसदेत ठरतो, पण तो लोकांना किती पचेल हे राज्यांना पाहावे लागते.

अशी बंदी रस्ता सुस्थितीत असतानाही घालता येते, याचे ठळक उदाहरण बंदीपूरचे. कर्नाटकातून केरळात जाणारा राष्ट्रीय महामार्ग बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. रात्री वाहनांखाली वन्य प्राणी मरत असल्यामुळे २००९ मध्ये रात्री नऊ ते पहाटे सहा तेथील वाहतूक बंद करण्यात आली, आणि २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली. केरळच्या बाजूने तिला सतत विरोध झाला. वायनाडच्या लोकांना रात्रीचा मार्ग हवा होता आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रुग्णवाहिका आणि ठराविक बसगाड्या यांना मात्र सूट राहिली. रात्रीची वेळ ठरलेली, वेळेपूर्वी पोचणाऱ्यास वाट मोकळी, रोग्यासाठी अपवाद, परवाना असणाऱ्यास मुभा: कौटिल्याच्या यामतूर्याचेच हे रूप आहे. फरक एवढाच की तेव्हा राखण राजवाड्याची होती, आता हत्ती, हरणे आणि वाघ यांची आहे.

येथवर चालकाच्या अपराधाची बाजू झाली. कौटिल्याने पहारेकऱ्याला जो दुप्पट दंड सांगितला त्याचे पुढे काय झाले? कित्येक शतके त्याचे फारसे काही झाले नाही. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्या चुकीला मोटार कायद्यात स्वतंत्र शिक्षा नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आणले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा लहान वाटेल; पण तत्त्व जुनेच परत आले आहे.

ते परत येण्याची किती गरज होती हे दोन घटनांवरून दिसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या इतर वाहनांसह वाहून गेल्या. त्या रात्री तेथे कोणीही फलक मोडला नव्हता, कारण पूल वाहतुकीला खुलाच होता. दुसरी घटना नोव्हेंबर २०२४ मधील. उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूँ यांच्या दरम्यान रामगंगा नदीवरील पुलाचा भाग पुराने वाहून गेलेला होता. रात्री नकाशा दाखवणाऱ्या यंत्राच्या भरवशावर निघालेली मोटार त्या तुटक्या पुलावर चढली आणि खाली नदीपात्रात कोसळली. तिघे जण मरण पावले. वाहन अडवणारा अडसर तेथे नव्हता, आणि पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. या दोन्ही ठिकाणी चालकाला दंड सांगणारे कलम निरुपयोगी होते. जेथे पाटीच नाही तेथे पाटी न मानण्याचा अपराध घडणार कसा?

याउलट पाटी असून ती न मानणाऱ्यांचे काय करावे, यावर अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने १९९५ मध्ये वेगळी वाट काढली. तो वाळवंटी मुलुख. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की कोरड्या ओढ्यांना क्षणांत लोंढे येतात. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर अडसर लावलेला असता जो त्याला वळसा घालून पाण्यात शिरेल, त्याच्या सुटकेचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करावा, असा तो कायदा. मूळ मर्यादा दोन हजार डॉलर. लोकांनी त्याला ‘मूर्ख चालकांचा कायदा’ असे नाव ठेवले. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या आपल्याकडच्या फरशी पुलांवर वाहने घालणाऱ्यांची आठवण त्यामुळे सहज होते. तेथेही दोराच्या साहाय्याने पाण्यात उतरणारे पोलीस, अग्निशामक दलाचे जवान आणि गावातले पोहणारे तरुण स्वतःचा जीव पणाला लावतात. त्यांच्या जिवाचे मोल कोणत्याही दंडाच्या पावतीवर लिहिलेले नसते. बंद रस्ता न मानणारा स्वतःचाच जीव धोक्यात घालतो, हा समज येथे पुसला जातो.

या लांबलचक इतिहासातून दंडाच्या आकड्यांपेक्षा एक साधी गोष्ट ठळक होते. प्रत्येक काळाने बंद रस्त्याला दंड सांगितला, आणि प्रत्येक शहाण्या कायद्याने दंडाच्या आधी चार गोष्टी मागितल्या: बंद करणाऱ्याचा अधिकार, सर्वांना कळेल अशी जाहिरात, निकडीच्या माणसाला अपवाद, आणि बंदी राबवणाऱ्याची जबाबदारी. या चारांपैकी एक जरी ढिली झाली तरी पाटी नुसता पत्रा उरते. काम संपून दोन महिने झाले तरी तशीच राहिलेली पाटी ही यांपैकी सर्वांत घातक, कारण ती वाटसरूला शिकवते की पाट्या खोटे बोलतात. पुढच्या वळणावरची पाटी खरे बोलत असते, पण तोवर त्याचा विश्वास उडालेला असतो.

घाटाच्या तोंडाशी थांबलेला चालक अजून तेथेच आहे. त्याचा हात बांबूकडे जातो की गाडीच्या चाकाकडे, हे वीस हजारांच्या भयाने थोडेसे ठरते. याआधी त्याने पाहिलेल्या पाट्यांपैकी किती खऱ्या निघाल्या, यावर ते पुष्कळसे ठरते. तो गाडी वळवतो तेव्हा त्या निर्जन जागी कोणीही पाहत नसते. पुढच्या वळणाआड दरीत कोसळलेला रस्ता त्याला कधीच दिसत नाही, आणि आपण कशातून वाचलो हेही त्याला कधी कळत नाही.